रस्त्यातली सभा

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर संध्याकाळच्या बससाठी रांगेत उभा होतो. पुढच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगतो. खोटं वाटलं तर वाटो.

"काय गं नोरीन, जंगलतोडीचे ट्रक अडवलेत म्हणे?"

"अडवायचे की नाही, हेच ठरेना बाई! आमच्या वस्तीत ना मालक, ना पुढारी. एकानं नाही म्हटलं की ठराव बारगळला."

"मग?"

"मग रस्त्यातच बसून चर्चा. सकाळची संध्याकाळ झाली."

"आणि ट्रक?"

"खोळंबले. पोलीस विचारतात, 'हे आंदोलन आहे का?' म्हटलं, 'अजून ठरलं नाही रे बाबा.'"

"म्हणजे झाडं वाचली!"

"आजच्यापुरती. शेवटी एकच ठराव एकमतानं झाला."

"कोणता?"

"उद्याची सभाही तिथंच भरवायची. ट्रकवाल्यांनीसुद्धा ठरावाच्या बाजूनं हात वर केले. बसल्या जागी पगार कोणाला नको?"