यादीतला बिननावाचा फोन

राव, अनोळखी फोन दिसला की मी आता दोनदा विचारतो.

आळे गावात पारसकाकांचं कापडाचं दुकान हाये ना, तिथलं वायफाय लई रडत व्हतं, ते दुरुस्त करायला गेलतो. छताला लावलेला वायफायचा डबा काही केल्या दाद देईना, म्हणून शिडीवर चढून त्याला थेट कन्सोलची केबल, म्हंजे डब्याच्या आत शिरायची वायर, लावली. लॅपटॉप गल्ल्यावर ठेवून जोडलेल्या फोनांची यादी काढली. काका एकेक ओळखत गेले. एक बिननावाचा फोन मात्र दिवसरात्र जोडलेला.

“हा आमचा न्हाई,” काका म्हणाले.

“मग कुणीतरी फुकट्या. उडवतो,” म्हटलं आन् उडवला.

दोन मिनिटांत मागच्या घरातून काकू आल्या, हातात तडकलेला फोन. “अवो, हर्षलच्या फोनचं नेट गेलं.”

हर्षल त्यांचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी हायवेला अपघातात गेला.

काकांनी विचारलं, “तू चालू ठेवलायस?”

“रोज चार्ज करते. ज्यांना म्हाईत नाय, ते अजून मेसेज करतात त्याला.”

मी फोन परत जोडला. काका स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, “भाऊ, तिथं त्याचं नाव टाका. पुन्हा कुणी उडवायला नको.”