बटणावरची चिकटपट्टी

दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे मायलेक उभे होते. आईच्या हातात विजेवर चालणारी चेनची करवत.

“आई, विकून टाक. बाबांची दोन बोटं घेतली हिनं.”

“हिनं नाही रे, या चिकटपट्टीनं. बटण दाबून हात दुखतो म्हणून त्यांनीच चिकटवली. हात सुटला तरी चेन फिरतच राहिली.”

“आणि आता फांद्या तू कापणार?”

“कापणार. शिडीवर चढणार नाही, खांद्याच्या वर उचलणार नाही. चेनला हात लावण्याआधी प्लग माझ्या खिशात.”

“बाबा चिडतील.”

“चिडू देत. आठ बोटांनी फांद्या गोळा करतील.”

दुकानदारानं पट्टी खरवडून काढली. बटण सोडताच चेन थांबली. करवत त्यानं मुलापुढे धरली.

“करवत इकडे द्या,” आई म्हणाली. “त्याला ती पट्टी द्या. बाबांना नेऊन दाखवू दे.”