तिसरी शिट्टी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या सोसायटीचे चेअरमन माननीय दादासाहेब. व्यासपीठावरच्या आमच्या भजनी मंडळाच्या प्रमुख दुर्गाबाई. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते सत्कारमूर्ती उद्धवराव आणि त्यांच्या सौभाग्यवती सगुणाबाई. शिफ्ट बदलून आलेले बंधू, स्वयंपाक उरकून आलेल्या भगिनी आणि पुढं सतरंजीवर चुळबुळ करणारी बाळगोपाळ मंडळी, सगळ्यांना माझा नमस्कार. दोन्ही हातांनी.

मी मंजुळा, बी विंगमधल्या रोहिदासांची मंडळी. शिक्षण दहावी. भाषणाची सवय नाही म्हणून लिहून आणलंय. मंडळाचा हिशोब माझ्याकडे असतो, तेव्हा आधी तो. आजच्यासाठी आलेलं सामान : शाल एक, सहाशे चाळीस. नारळ एक, चाळीस. हार दोन, तीनशे. पेढे दोन किलो, नऊशे साठ. पोस्टकार्डं दहा, पाच रुपये. ती कशाला, ते शेवटी सांगते. आणि माझ्या पर्समध्ये आणखी एक वस्तू आहे. ती विकत आणलेली नाही. तिचंही शेवटी.

हसू नका. वस्तू आधी दाखवायची आणि ती कशाची हे मागाहून उघड करायचं, ही विद्या मला आपल्या विक्कीनं शिकवली. तो काय मागं कॅमेरा घेऊन उभा आहे. लग्नाचं शूटिंग करून पोट भरतो, पण जीव सगळा भुताच्या सिनेमात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारी होता. उद्धवराव विक्कीला घेऊन आमच्या घरी आले. उद्धवरावांची नोकरी तुम्हाला ठाऊक आहेच. चाकणच्या कारखान्यात एकतीस वर्षं, त्यातली शेवटची बारा सेफ्टीला. आमचे मालक त्याच कारखान्यात प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर. उद्धवराव म्हणाले, "मंजुळाताई, मार्चात सेफ्टी वीक आहे. छोटी फिल्म करायची. त्यात बाईचं काम तुम्ही करायचं."

मी म्हटलं, "अहो, मी भजनातसुद्धा मागच्या रांगेत बसते!"

"तरी तुम्हीच," एवढंच म्हणाले. त्या शब्दाचा अर्थ मला पुढं कळला.

त्याआधीही कँटीनच्या टीव्हीवर अशा फिल्मा लागायच्या. चेचलेले हात, रक्ताचे फोटो, खाली लाल अक्षरं. आणि माणसं काय करायची? कढी भुरकायची. "सरक ना भावा, टीव्ही दिसंना!" म्हणायची. उद्धवराव त्यानं कष्टी व्हायचे. विक्की त्यांना म्हणाला, "रक्त दाखवलं की माणूस सुटतो, काका. काय व्हायचं ते बघून झालं, आता राहिलं काय? न दाखवता धरून ठेवायला पाहिजे. आपण फिल्म करूच नाही. नुसता ट्रेलर करू. भुताच्या सिनेमाचा असतो तसा."

मला त्यातलं काही कळेना. मग त्यानं मोबाइलवर मला पाच-सहा ट्रेलर दाखवले. मी जपाची माळ हातात घेऊनच बसले होते. खोटं कशाला सांगू, पहिल्या दोन मिनिटांत भूत एकदाही धड दिसलं नाही, पण माझ्या हातातली माळ सुटून पदराचं टोक आलं होतं.

आता माझा स्वभाव असा, की एखादा आकडा जुळला नाही तर मला चैन पडत नाही. मी विचारलं, "विक्की, यात नुसतं दार आहे, जिना आहे, एक बाई आहे. मग भीती आली कुठून?"

तो म्हणाला, "काकू, बाई कोपऱ्यात उभी केलीय आणि अर्धं चित्र रिकामं सोडलंय. तुम्ही बाईकडं बघता का? रिकाम्या जागेकडं बघता. तिथं कुणीतरी येणार म्हणून तुम्हीच वाट बघत बसता. दुसरं, आवाज. दचकवायच्या आधी आवाज वाढवत नाहीत, काढून घेतात. पंखा, रस्ता, पाखरं, सगळं गप्प. आणि तिसरं, पहिल्यांदा खोटंच घाबरवायचं. मांजर उडी मारते. लोक हसतात. हसली की सैल पडतात. मग..."

मी म्हटलं, "हा तर कुकर झाला."

"म्हणजे?"

"दोन शिट्ट्या झाल्या की बाई कणीक मळते, मुलाला ओरडते, फोनवर बोलते, पण कान तिसरीकडं असतो. ती वेळेवर झाली तर तिला कळतही नाही. झालीच नाही, तर ती हातातलं टाकून उठते."

विक्की उभाच राहिला. "काकू, तुम्ही इतकी वर्षं होता कुठं?"

"ओट्याशी," मी म्हटलं.

तर ट्रेलर असा ठरला. बाई घरी एकटी. देव्हारा डुगडुगतोय, ती त्याच्या पायाखाली लाकडी पाचर सारते. निरांजन लावते, ताट घेते. कुकरच्या दोन शिट्ट्या होतात. तिसरी होत नाही. दाराची बेल वाजते. ती दार उघडते आणि बाहेर कोण आहे ते आपल्याला दिसतच नाही. नुसता तिचा चेहरा दिसतो. मग अंधार आणि एक शब्द : लवकरच.

देव्हारा आमचाच. तो खरंच डुगडुगतो. बिल्डरनं फरशीच तशी बसवलीय, दादासाहेब, तीन अर्ज दिलेत, असो. त्याखालच्या पाचराही खऱ्या. मालकांच्या पँटी धुवायला घेतल्या की खिशात अधूनमधून अशी पाचर निघायची. बोटभर लाकूड, हिरव्या चिकटपट्टीनं गुंडाळलेलं. मी कधी विचारलं नाही. कारखान्यातला काहीतरी तुकडा असेल. टाकायचा कशाला? वर्षभरात चार जमल्या, चारी देवाखाली घातल्या. देव स्थिर झाला. मी खूश.

शूटिंगच्या दिवशी सगळं नीट झालं, पण दार उघडल्यावरचा चेहरा काही मला जमेना. आठ वेळा केलं. दुर्गाबाई बघायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं मंजुळे, घाबरायचंय, शिंकायचं नाही!" सगळे हसले, मीही हसले. विक्कीच्या भाषेत, ते मांजर होतं.

मग उद्धवराव दाराबाहेर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हळू आवाजात म्हणाले, "ताई, पंचवीस वर्षांपूर्वी मला निघोज्यात एका कामगाराला घरी पोचवायला पाठवलं होतं. त्या बाईनं दार उघडलं. मी फडक्यात हात गुंडाळलेला तिचा नवरा रिक्षातून उतरवत होतो. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलंच नाही. आधी खाली बघितलं, हाताकडं." एवढं बोलून त्यांनी पिशवीतून एक वस्तू काढली आणि तळहातावर माझ्यापुढं धरली. "प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस खाली येते. म्हणजे येताना दोन्ही हात बाहेर असतात. पण माल लवकर निघावा म्हणून काही जण एका बटणात ही ठोकतात. मग एक हात मोकळा होतो. तो हात आत असतो."

बोटभर लाकूड. हिरवी चिकटपट्टी.

त्या ट्रेलरमधल्या माझ्या चेहऱ्याचं तुम्ही फार कौतुक केलंत. शेजारच्या वर्षालीच्या सासूबाईंनी तर हळदीकुंकवाला विचारलं, कुठं शिकलात म्हणून. बायांनो, त्यात अभिनय नव्हता. विक्कीचा कॅमेरा चालू होता आणि मी मोजत होते. एक, दोन, तीन, चार.

मी उद्धवरावांना विचारलं, "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"सत्यनारायणाच्या प्रसादाला आलो होतो ना. नमस्काराला वाकलो तेव्हा दिसल्या."

"मग कंपनीत का नाही सांगितलंत?"

"रोहिदास घरी बसला असता. आणि त्या प्रेसवर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस, दुसरी पाचर."

कँटीनमध्ये ट्रेलर लागला तेव्हा काय झालं, हे इथल्या पुष्कळांनी बघितलंय. पहिल्या शिट्टीला कुणीतरी ओरडलं, "ए, वहिनींनी कुकर लावलाय राव!" हशा पिकला. दुसरीला थोडं कमी हसले. तिसरीची वाट बघता बघता चमचे थांबले. आमच्या मालकांनी पडद्यावर स्वतःचा देव्हारा बघितला, त्याखाली स्वतःच्या पाचरा बघितल्या. ताट तसंच ठेवून उठले.

दुपारी घरी आले ते चपला काढून थेट देव्हाऱ्यापाशी. चारी पाचरा काढल्या, जुन्या कॅलेंडरची घडी करून खाली घातली. मी म्हटलं, "देवाखालच्या वस्तू आहेत, कचऱ्यात नका टाकू." ते म्हणाले, "मग नदीत सोडू?" मी म्हटलं, "नदीनं तुमचं काय वाईट केलंय?" शेवटी होळी चार दिवसांवर आली होती, तीत टाकल्या. त्या होळीतला जळक्या चिकटपट्टीचा वास कुणाला आठवत असेल, तर तो त्या पाचरांचा होता.

ही जुनी गोष्ट सांगायला मालकांनी परवानगी दिली. म्हणाले, "सांग. माझं नाव घेऊन सांग." आज कंपनीचं कुणी व्यासपीठावर नाही, घरचीच माणसं आहेत, म्हणूनही बोलतेय.

पण दोष एकट्या मालकांचा नाही. माल जास्त निघाला की महिन्याला दोन पैसे वर यायचे आणि मी म्हणायची, हा महिना चांगला गेला. कसा चांगला गेला, हे मी विचारलं नाही. ज्यांनी टार्गेट वाढवलं त्यांनीही विचारलं नाही. विचारायला एकच माणूस होता. शिफ्ट सुटताना गेटवर उभा राहायचा. कुणी एका हातानं सलाम केला, नुसती मान हलवली, तर चालायचं नाही. "दोन्ही हातांनी नमस्कार करा राव, म्हाताऱ्याला पुण्य लागू द्या!" पोरं चेष्टा करायची, "आले गेटवरचे महाराज!" आणि हात जोडायची. आम्हाला वाटायचं, किती संस्कारी माणूस. तो माणूस बोटं मोजत होता. रोज, तिन्ही शिफ्टला आलटून पालटून, बारा वर्षं.

उद्धवराव, परवा तुम्ही आणि सगुणाबाई अहमदपूरकडं आपल्या गावी निघणार. तुमच्या जागी नवे साहेब येतील, चांगलेच असतील. गेटवर आता कॅमेरा बसवलाय म्हणतात.

आता माझ्या पर्समधली वस्तू.

पुढचं बोलायची परवानगी मी मालकांना विचारलेली नाही. तिसऱ्या रांगेत बसलेत. नवी लाइन सुरू झालीय, टार्गेट पुन्हा चढलंय. या मंगळवारी मी पँट धुवायला घेतली. ही बघा. बोटभर लाकूड. या वेळी चिकटपट्टी निळी आहे.

मंगळवारपासून मी देवापुढं बसते आणि पाठ म्हणता म्हणता ओळ विसरते. बेल वाजली की आधी खाली बघते. काल दूधवाल्याच्या हाताकडं बघितलं. तो म्हणाला, "काकू, काय झालं?" काय सांगणार? विक्की म्हणतो, ट्रेलरमध्ये शेवट दाखवायचा नसतो. खरं आहे. पण सिनेमा बघायला आलेला माणूस तिकीट काढून, आपल्या खुशीनं येतो. मी काढलेलं नाही.

बसा मालक, उठू नका. चार माणसांत बोलले, त्याची माफी घरी मागेन. घरात दोनदा विचारलं तर तुम्ही "काही नाही गं" म्हणालात, आणि "काही नाही" या शब्दांची भीती मला कुठल्याही भुतापेक्षा जास्त वाटते. भगिनींनो, तुम्हालाही एक विनंती. कपडे धुताना खिसे बघत जा. लाकडाचा तुकडा निघाला तर माझ्यासारखा जपून ठेवू नका. विचारा.

आता पोस्टकार्डांचं. उद्धवराव, तुमच्या गावात फोन लागत नाही, सगुणाबाई सांगत होत्या. या दहा कार्डांवर मी आमच्या मालकांचं नाव आणि पत्ता घातलाय. दर महिन्याला एक टाका. जास्त लिहू नका. गेटवर बघायचात तेवढंच विचारा : दोन्ही हात?

हा हॉल दिल्याबद्दल दादासाहेबांचे, माझं धाडस सांभाळून घेतल्याबद्दल दुर्गाबाईंचे आणि इतका वेळ गप्प बसल्याबद्दल मुलांचे आभार. लहान तोंडी काही जास्त बोलले असेन, कुणाचं मन दुखलं असेल, तर आपली म्हणून पोटात घाला.

टाळ्या मात्र वाजवू नका. उद्धवरावांना निरोप त्यांच्या रीतीनं देऊ. सगळ्यांनी उभं राहायचं आणि दोन्ही हातांनी नमस्कार करायचा. हात वर, त्यांना दिसतील असे.

हां. छान. तिसऱ्या रांगेत एक हात अजून खिशात आहे. थांबते मी.

घाई नाही.

दिसले. दोन्ही दिसले, मालक. उद्या तुमची फर्स्ट शिफ्ट आहे.

उद्धवराव, पोचलात की पहिलं कार्ड टाका. मालकांनी स्वतःच्या हातानं उत्तर लिहायचं आणि तुम्हाला उलट टपाली कळवायचं. ते मिळालं, की मिळालं एवढं तुम्ही मला उलट टपाली कळवा.