कड्याखालचे खवले

भाची : मावशी, तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलंस, आणि एवढ्याशा अळंबीकडे केव्हाची टक लावून बसलीयेस! बोल की काहीतरी!

मावशी : खिडकीशी ये. तू उजेड अडवतेयस. कुठं मिळाली ही?

भाची : आमच्या अंगणातल्या कुजक्या ओंडक्यावर. तुझ्या वहीतलीच आहे ना? बारकी, तपकिरी टोपी, दांड्याला कडं. 'खाण्याजोगी' असं लिहिलंयस.

मावशी : आणि पुढची ओळ? कड्याखाली दांड्यावर खवले हवेत.

भाची : वाचली होती गं. पण तोवर मी सगळ्या ब्रशनं घासून धुतल्या होत्या. चिखल होता ना!

मावशी : अगं बाई! ओळखीची खूण धुऊन टाकलीस आणि मग ओळखायला बसलीस?

भाची : म्हणून तर आज ही तशीच उचलून आणली.

मावशी : हिला खवले नाहीत. नुसते चंदेरी धागे आहेत. ही ती नव्हे, विषारी आहे.

भाची : टोपी कागदावर पालथी ठेवू या का? बीजाणूंचा ठसा उमटेल, रंगावरून कळेल...

मावशी : ठसा दोघींचा तपकिरीच. कुणी खाल्ली, ते सांग.

भाची : माझ्या नवऱ्यानं. परवा संध्याकाळी. काल दिवसभर उलट्या, जुलाब. पण आज ठणठणीत आहे! मघाशी चहा मागितला, माझी थट्टासुद्धा केली.

मावशी : चप्पल घाल. ही अळंबी पिशवीत घे, डॉक्टरांना दाखवायची.

भाची : अगं, पण बरं वाटतंय त्याला!

मावशी : त्याचीच मला भीती वाटते. हे विष मध्ये उसंत देतं आणि आतल्या आत यकृत पोखरतं. तू किती खाल्ल्यास?

भाची : एकही नाही.

मावशी : का?

भाची : धाकधूक वाटत होती. त्याला म्हटलं, तू आधी चव बघ. तो म्हणाला, मावशीची वही आहे, घाबरतेस काय! मी बघत राहिले आणि त्यानं ताट चाटूनपुसून साफ केलं.

मावशी : चल, ऊठ. त्याला घरून घेऊन थेट इस्पितळात जाऊ.

भाची : मावशी, त्याला सांगायला हवं ना? मी का नाही खाल्ली ते?

मावशी : गाडी मी चालवते. तू मागे त्याच्याजवळ बस.