आळीतला शेवटचा ठिपका

हिरकणी : तिसऱ्यांदा जातोयस तू इथून. म्हातारी असेन, आंधळी नाही. काय हरवलंय तुझं?

ऋषभ : काही नाही मावशी. फिरतोय.

हिरकणी : फिरायला समुद्र पडलाय तिकडे. ही आळी माझ्या परसात संपते, पुढे रस्ताच नाही. कोण तू? मोजणीवाला?

ऋषभ : कसली मोजणी?

हिरकणी : कसली म्हणे! वाढवणला बंदर येणार म्हटल्यापासून जो उठतो तो इथे 'फिरतोय'. मागे एक जोडपं आलं होतं, शिंपले गोळा करतोय म्हणाले. शिंपल्यांना तिपाईवरची दुर्बीण लागते होय रे? आम्ही बायकाच गेलो त्यांना वेशीपर्यंत पोचवायला. तुलाही पोचवू.

ऋषभ : अहो, माझ्याकडे कुठे आहे तिपाई? हा फोन, ही पाण्याची बाटली. बोरिवलीहून आलोय. ऋषभ नाव माझं. म्युझियम बघत चाललोय.

हिरकणी : म्युझियम? या आळीत?

ऋषभ : तीन आहेत ना! हा बघा नकाशा. लाल ठिपके दिसतायत? आपलं आपण चालायचं, ठिपक्यापाशी पोचलं की बटण दाबायचं, फोन माहिती सांगतो. पहिलं जिजाकाकूंच्या ओट्यावर, जुनी जाळी आणि वल्ही. दुसरं दक्षाबेनचं जुनं दुकान, तराजू, बरण्या...

हिरकणी : हां, ते होय. ते माझ्या मुलाचं, हितेशचं खूळ आहे. दर रविवारी पालघरहून येतो नि पाट्या ठोकत बसतो. शाळेच्या पोरांसाठी आहे म्हणाला मला. बरं, दोन झाली बघून. मग माझ्या दारात काय?

ऋषभ : तिसरा ठिपका इथेच आहे.

हिरकणी : इथे काही नाही.

ऋषभ : डाय बनायच्या ना इथे? दागिन्यांच्या?

हिरकणी : कोणी सांगितलं तुला डायचं?

ऋषभ : फोनने. पण डाय म्हणजे नक्की काय, ते मला अजून...

हिरकणी : साळसूद! लोखंडाच्या ठोकळ्यात छिन्नीने उलटं फूल कोरतात, त्यावर सोन्याचा पत्रा ठोकला की सुलटं फूल उठतं. ते तुला ठाऊक आहे. तोंडावरची माशी हलत नाही तुझ्या, पण ठाऊक आहे. नविनशेठने पाठवलं ना?

ऋषभ : कोण नविनशेठ?

हिरकणी : खिसे दाखव.

ऋषभ : काय?

हिरकणी : खिसे रे, खिसे. या आळीत परका माणूस डायपाशी आला की आधी खिसे बघतात, आजची रीत नाही ही. मेण आणतात, साबणाची वडी आणतात. डायवर दाबली की ठसा उठतो, आणि महिनाभर डोळे फोडून कोरलेलं फूल दुसऱ्या दिवशी भलत्याच्या दुकानात. दाखव. हा फुगवटा कसला?

ऋषभ : चिकू आहे. दक्षाबेननी दिला.

हिरकणी : पिकलाय.

ऋषभ : म्हणून तर खायला...

हिरकणी : पिकल्या चिकूवर ठसा कसा लख्ख उठतो, ते मला शिकवू नकोस. खा तो. इथे, माझ्यासमोर खा.

ऋषभ : मावशी, काय हे!

हिरकणी : बी गिळू नकोस. हां. आता बोल. तिसऱ्यांदा का आलास? ठिपका तर पहिल्या फेरीतच लागला असेल.

ऋषभ : खरं सांगू? मी बटण दाबलं, माहिती ऐकली. त्यात म्हणतात, इथली हातोडी मालक गेले तेव्हापासून बंद आहे. आणि मला तर आतून ठकठक ऐकू येत होती. म्हटलं, घर चुकलं. परत मागे गेलो, परत आलो. ठिपका इथेच, आणि आवाजही इथेच.

हिरकणी : सुपारी फोडत होते मी.

दक्षा : सुपारी! अगं, मी तिकडून ऐकते सगळं. काय झालं हिरकणीबेन, पोराला का उन्हात उभं केलंयस? मोजणीवाला नाही ग तो. माझ्या दुकानात चांगला बसला, तराजूत हात घालून फोटो काढला.

हिरकणी : दक्षा, तू तुझं दुकान बघ.

दक्षा : दुकानात आता बघायला काय ठेवलंय, त्याचं तर म्युझियम झालं. पण ही सुपारी मला पण कळत नाही हं. तुझ्या घरात कोण खातं सुपारी? महादेवभाई गेले त्याला चार वर्षं झाली. आणि तू रोज दुपारी जेवण झालं की फोडतेस ते चहापर्यंत. फक्त रविवारी नाही. म्हणून तर मला शंका आहे.

हिरकणी : रविवारी हितेश येतो. त्याच्याशी बोलू की सुपारी फोडू?

ऋषभ : मी निघतो मावशी. माझ्यामुळे उगाच...

हिरकणी : थांब. कुठे निघालास? त्या फोनात माझ्या घराबद्दल काय भरलंय ते ऐकव आधी. कोणी भरलं, तेही बघते. लाव.

दक्षा : राहू दे ना बेन, ऊन केवढं आहे...

हिरकणी : तुला का घाम फुटला? लाव रे.

फोनमधला आवाज : आळीच्या टोकाचं हे कौलारू घर म्हणजे डाय-कारागीर महादेव यांचा कारखाना. चार वर्षांपूर्वी ते गेले आणि इथली हातोडी कायमची थांबली. सध्या घर बाहेरूनच पाहावं. माझी आई दिवाळीत आमच्याकडे पालघरला कायमची राहायला येते आहे. त्यानंतर माजघर, स्वयंपाकघर आणि कारखाना तुमच्यासाठी खुले होतील. आईच्या वापरातली भांडी जशीच्या तशी मांडून ठेवू.

हिरकणी : हा हितेश बोलतोय.

ऋषभ : तुम्हाला माहीत नव्हतं?

हिरकणी : चार दिवस दिवाळीला ये म्हणाला होता. चार दिवस! बरोबर. गणपतीनंतर रंगवाला आणला, तो भिंती सोडून चुलीचे फोटो काढत बसला होता. किल्लीही दुसरी करून नेली, तू एकटी असतेस, जवळ असू दे म्हणाला. मी मूर्ख, मला पोराचं कौतुक वाटलं. परक्या माणसाच्या खिशातला चिकू तपासते मी, आणि माझ्या पोटचा पोर माझी भांडी मांडायला निघालाय! दक्षा, वर बघ. तुला माहीत होतं.

दक्षा : मला वाटलं, तुला सांगितलं असेल त्याने.

हिरकणी : खोटं बोलू नकोस.

दक्षा : बरं, नाही वाटलं. म्हणाला, दक्षामासी, आईला आत्ता सांगू नका, मी दिवाळीत समजावतो. मी काय करू ग? तो पण काळजीनेच करतो ना. महादेवभाईंसोबत कोरताना तुझ्या डोळ्यात लोखंडाचा कण गेला तेव्हा मुंबईला घेऊन कोण पळालं? ऑपरेशन झालं, एक डोळा अर्धाच राहिला. इथे एकटी पडलीस तर? तिकडे नातवंडं आहेत, लिफ्ट आहे.

हिरकणी : आळीला सगळ्या ठाऊक होतं म्हण ना. जिजाला पण?

दक्षा : जिजाला पण.

हिरकणी : छान. म्हणजे मी मेलेय हे मलाच कळवायचं राहिलं होतं.

दक्षा : असं अभद्र बोलू नको ग!

ऋषभ : मावशी, एक विचारू? रागावू नका. ती सुपारी नव्हती ना?

हिरकणी : तू अजून तिथेच आहेस?

ऋषभ : तुमच्या बोटांवर काळं आहे. सुपारीचं नाही वाटत.

हिरकणी : भारी बघणारा आलास. नाही, सुपारी नव्हती. ऑपरेशनच्या वेळी हितेशने मला शपथ घातली, छिन्नीला हात लावशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. आई कुठली असली शपथ मोडेल? मी मोडली. पहिल्या दिवशी हातोडी उचलली तेव्हा आधी त्याला फोन लावला. 'काही नाही रे, जेवलास का' एवढंच विचारलं. जेवला होता. मग बसले कामाला.

दक्षा : अरे देवा! चार वर्षं?

हिरकणी : तीन. पहिलं वर्ष नुसती रडले. आमचा जुना कारागीर बाबल्या आहे ना, तो ठोकळे आणून देतो आणि झालेलं काम नविनशेठकडे स्वतःचं म्हणून पोचवतो. बाईने कोरलेली डाय तो शेठ घेणार नाही, म्हणतो बाईच्या हाताला जोर नसतो. म्हणून रे खिसे तपासले तुझे. वाटलं, शेठला वास लागला, माणूस पाठवला.

दक्षा : आणि माझ्यापासून पण लपवलंस? भिंतीला भिंत लागून राहतो आपण!

हिरकणी : तू दिवाळी लपवलीस, मी सुपारी लपवली. फिटंफाट.

दक्षा : आता मी हितेशला काय सांगू?

हिरकणी : तू काही सांगू नकोस. पोरा, तो फोन नुसताच बोलतो, की ऐकतो पण?

ऋषभ : ऐकतो ना. प्रत्येक ठिपक्यावर आपलं म्हणणं बोलून ठेवता येतं. ज्याने बनवलं त्याला पोचतं, आणि पुढच्या माणसालाही ऐकू येतं.

दक्षा : बेन, विचार कर. हितेश ऐकेल. शपथ मोडलीस ते कळेल त्याला. उद्या येऊन छिन्न्या उचलून नेईल. आणि फिरत फिरत नविनशेठच्या कानावर गेलं तर तिथलं पण काम गेलं. दोन्हीकडून जाशील.

हिरकणी : न सांगता पण जाणारच आहे ना मी? दिवाळीला? मग सांगूनच बघते. ये रे आत. चप्पल राहू दे, खाली लोखंडाचा कीस आहे. लांब उभा राहा, आणि डोळ्यांवर हात धर.

ऋषभ : तुमच्या डोळ्यांना?

हिरकणी : माझा चष्मा आहे. बाबल्याने आणलाय, वेल्डिंगवाल्यांचा. दक्षा, तूही ये, दारात अंधार करू नकोस.

दक्षा : अगबाई. केवढं बारीक फूल आहे हे! हे तू केलंस?

हिरकणी : अर्धं झालंय. तीन पाकळ्या राहिल्यात.

ऋषभ : चालू केलंय मावशी. बोला.

हिरकणी : बोलू काय? बोलण्यात तो मला हरवतो. तू नुसता धरून ठेव.

(ठक. ठक. ठकठक. ठक.)

दक्षा : काही तरी बोल ग. नुसत्या ठोकण्यावरून त्याला काय कळणार कोण आहे ते?

हिरकणी : पाळण्यात होता तेव्हा हा आवाज थांबला की जागा व्हायचा. कळेल.