आठ दिवसांचा शब्द

(राजारामपुरी, कोल्हापूर, २००७ साल. नागसेनचा इंटरनेट कॅफे. त्याची धाकटी बहीण संघप्रिया मलकापूरहून एसटीनं आत्ताच आलीय. पिशवी अजून खांद्यावरच.)

संघप्रिया : ते काय न्हाय. आधी तो डिजिटल बोर्ड उतरव, मग बोलू.

नागसेन : अगं, बस तरी! पाणी पी. बयामावशी बरी हाय न्हवं?

संघप्रिया : मावशी बरी हाय. दारात माझा फोटो कुणी लावला?

नागसेन : मी. दुसरा कोण लावणार? बारा बाय आठचा हाय! 'जागतिक विजेती कु. संघप्रिया. कोल्हापूरचा नाद करायचा न्हाय!' समोरच्या क्लासची पोरं थांबून वाचायल्यात.

संघप्रिया : कशातली विजेती?

नागसेन : आता ह्ये बी मीच सांगू? तुझा तो नकाशाचा खेळ. रोज एक चाल, न्हायतर निस्ती 'पास' म्हणून सोडायची; चोवीस तासांत काय केलं न्हाय की बाद. जगातली तीनशे माणसं, चौदा म्हयनं. शेवटाला राहिला कोण? तू आणि तो पोलंडचा मारेक. झोपला गडी! परवा राजधानी गेली त्येची. तीन चालीत अकरा शहरं! हितं पोरं खुर्च्यांवर उभी राहून शिट्ट्या मारालती.

संघप्रिया : मी मलकापुरात मावशीच्या उशाला. शहरं घेतली कुणी?

नागसेन : कुणी म्हंजे? मी घेतली. तुझ्यासाठी.

संघप्रिया : पासवर्ड देताना तुला काय सांगितलंतं? तुझ्या तोंडानं सांग.

नागसेन : 'रोज सकाळी उघड, चाल सोडून दे, बाकी कशाला हात लावू नगंस.'

संघप्रिया : किती येळा सांगितलंतं?

नागसेन : तीनदा. पर प्रिया, तू बघायला पायजे हुतीस! उत्तरंची खिंड सताड उघडी. औषधाला शिपाई न्हाय! तसलं बघून हात आवरतोय व्हय कुणाचा? म्हणलं, येडं झालंय का काय बेणं.

संघप्रिया : येडा न्हवता तो. त्येची बायको बाळंतपणाला दवाखान्यात, अडलेली. त्येनं लिवलं, आठ दिवस मला जमायचं न्हाय. मी लिवलं, मला बी न्हाय, मावशी आजारी हाय. दोघांनी रोज नुसती चाल सोडायची, फौज कुणी हलवायची न्हाय. ठरलं. तर त्येनं आपणहून खिंडीतनं फौज मागं घेतली. माझ्यावर भरवसा हाय ह्ये दाखवायला घेतली, कळलं?

नागसेन : मग ह्ये मला सांगायचं न्हाईस?

संघप्रिया : हात लावू नगंस म्हणलंतं की! त्येच्यावर आणि कारणं द्यायची तुला?

नागसेन : आवाज खाली घे. गिऱ्हाईक बसलंय.

संघप्रिया : बसू दे. ऐकू दे. पोरांच्या शिट्ट्यांवर फुगून काय केलंस ते त्यास्नी बी कळू दे!

नागसेन : लढाईचा खेळ हाय बाई, भातुकली न्हवं. लढाईत कसला आलाय शब्द?

संघप्रिया : समोर माणूस हाय, दादा. मशीन न्हाय. तीन वर्सं ह्या माणसासंगं खेळतीय. त्येचं तोंड बघितलं न्हाय, आवाज ऐकला न्हाय. त्येच्याजवळ माझं म्हणून काय हाय? मी दिलेला शब्द. त्येची बी तू माती केलीस.

नागसेन : थांब, फोन वाजायलाय. ...जयभीम साहेब! व्हय व्हय, पाचला. शाल-नारळ तुमच्याकडचं, हार आमी...

संघप्रिया : कोण हाय?

नागसेन : नगरसेवक. सत्कार हाय तुझा. गप जरा.

संघप्रिया : आण हिकडं. ...जयभीम साहेब, संघप्रिया बोलतीय. सत्कार नको. मी जिंकलेली न्हाय... व्हय, बोर्ड चुकीचा हाय. दादा आत्ता उतरवतोय. माफ करा.

नागसेन : अगं ए! चारचौघांत अब्रू काढलीस की माझी!

संघप्रिया : झोंबली न्हवं? माझी काढून दारात टांगलीस, तवा न्हाय झोंबली!

नागसेन : झोंबणारच! हा खेळ तुला शिकिवला कुणी? मी. चार वर्सामागं ह्याच मारेकनं मला पयल्याच फेरीत घरी घालवलाय. मग तू वर चढत गेलीस, आणि मी हितं वायरी जोडतोय आणि पोरांस्नी ऑर्कुट उघडून देतोय. तुझ्या जागंवर बसलो तवा वाटलं, एकदा, निस्तं एकदा... आणि तरी बोर्डावर माझं नाव घातलं का मी? तुझंच घातलं न्हवं!

संघप्रिया : लई उपकार झालं! जिंकायची हौस तुझी, आणि दगा माझ्या नावावर. सरक. मशीन दे.

नागसेन : त्येचा निरोप आलाय? शिव्या घातल्यात?

संघप्रिया : 'मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. विजयाबद्दल अभिनंदन. मी फौज हलवली नव्हती.'

नागसेन : एवढंच?

संघप्रिया : एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नागसेन : मग लिव की त्येला, भावानं खेळलं म्हणून. मिटलं.

संघप्रिया : पासवर्ड दुसऱ्याला दिला की देणाऱ्याला खेळातनं कायमचं काढत्यात. नियम तूच दाखवलातास मला.

नागसेन : आयला, व्हय की. ...मग लिवू नगंस! काय गरज हाय? म्हयन्यानं नवी स्पर्धा लागंल. इसरंल तो.

संघप्रिया : इसरंल की. मला मातर रोज त्येचं नाव बघून चाल करायला लागंल.

नागसेन : प्रिया, डोस्कं ठिकाणावर ठेव. सकाळी हितं, मग दिवसभर त्या डॉक्टरच्या लॅबमधी, संध्याकाळी घरात सैपाक. तू हसतीस ते हितंच, ह्या खुर्चीत. मी बघतोय न्हवं रोज? लाईट गेलती म्हण. मशीन बिघडलंतं म्हण. कायबी म्हण!

संघप्रिया : तीन चाली बिघडलंतं? शहरं मोजून?

नागसेन : मग माझ्यावर वरड, मला मार, पर हे लिवू नगंस.

संघप्रिया : लिवून झालं. 'मारेक, त्या चाली माझ्या नाहीत. पासवर्ड मी दुसऱ्याला दिला, ती चूक माझी. हा सामना तुझा आहे.' एक त्येला, एक स्पर्धा चालवणाऱ्यांस्नी.

नागसेन : ...'दुसऱ्याला' काय? मला काय नाव न्हाय? नागसेन म्हणून लिव. भाऊ. फौज ह्येनं हलवली म्हणून लिव.

संघप्रिया : लिवलं.

नागसेन : थांब थोडं. चा मागवतो, मग...

संघप्रिया : गेलं.

नागसेन : दोन्ही?

संघप्रिया : दोन्ही.

नागसेन : ...उद्या सकाळी आठला तीन नंबरचं मशीन राखून ठेवू न्हवं? रोजच्यासारखं?

संघप्रिया : कशाला? गिऱ्हाईक बसीव.