चाबी लावून ठेव

रुचिर : काका, खिडकीतून हात आत नका घालू. हा डबा गाडी वाचतोय.

गोपाळ : वाचतोय? पोथी वाचावी तशी?

रुचिर : तसंच समजा. स्टिअरिंगखाली ही पिन लावली की गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये जे लिहिलंय ते सगळं हा उतरवून घेतो. डिझेल किती, हवा किती. मग जुनं पुसायचं आणि नवीन लिहायचं. बस, गाडीची ताकद वाढली.

गोपाळ : म्हणजे आधी पूर्वरंग, मग उत्तररंग. मध्ये बुक्का कोण लावणार?

सुलू : अहो, त्याला काम करू द्या. टावर चौकातलं गॅरेज बंद ठेवून आलाय पुतण्या आपला.

गोपाळ : करू दे की. पण रुचिर, आज नक्की चढेल ना रे? गेल्या दत्तजयंतीला देवळाच्या टेकडीच्या शेवटच्या वळणावर बसली ती बसलीच. तबला साथीच्या अनिलच्या डोक्यावर, पेटी मी छातीशी धरलेली, आणि निघालो चालत. वर पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. दत्ताचा जन्म सूर्यास्ताचा. पागोटं नीट बसवायलासुद्धा वेळ मिळाला नाही, तसाच उभा राहिलो कीर्तनाला.

रुचिर : आता तिसऱ्या गियरमध्ये चढेल. इंजिनात दम आहे काका, कंपनीने दाबून ठेवलाय.

सुलू : दाबून ठेवला असेल तर काही कारण असेल त्यांच्याकडे.

गोपाळ : हिला गाडीतलं काय कळतंय! चौतीस वर्षं, रुचिर. गुरुजी म्हणाले होते, गोपाळा, गळ्यात आवाज आहे तोवर तिथला जन्म तू गा. एक साल चुकलं नाही. अंगात ताप होता तेव्हाही गेलो.

सुलू : डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, तेही सांगा त्याला.

गोपाळ : सांगितलंय. जा म्हणाल्या. जपून जा म्हणाल्या.

सुलू : हो का. जपून.

रुचिर : चला, वाचून झालं. आता लिहायला लावतो. काका, तुम्ही तयार व्हा.

गोपाळ : मी सोवळं सोडून धोतर बदलतो. बाराला निघायचं म्हणजे निघायचं.

रुचिर : काकू, तू इकडे ये. ड्रायव्हरच्या सीटवर बस. बॅटरी कमजोर आहे म्हणून चार्जर लावलाय, पण तुमच्या मागच्या खोलीतला प्लग एकदम ढिला. सारखा निघतोय. मी तिथे हाताने धरून उभा राहतो. वीसेक मिनिटं.

सुलू : मी काय करायचं?

रुचिर : काहीच नाही. जुनं पुसलं गेलंय, नवीन अजून पूर्ण आलं नाही. या वेळी गाडीला आपण गाडी आहोत हेही ठाऊक नाही.

सुलू : आणि मधेच थांबलं तर?

रुचिर : तर गेली. म्हणून तर तुला बसवतोय. बस, चाबी लावून ठेव.

सुलू : ठेवते. जा तू.

(पंधरा मिनिटं जातात.)

रुचिर : काकू! मी आतून ओरडतोय, ऐकू नाही आलं? किती टक्के झालं?

सुलू : लाल अक्षरं आलीत रे काहीतरी.

रुचिर : लाल? आणि चाबी? काकू, इथली चाबी कुठे आहे?

सुलू : आत. खुंटीला. तूच म्हणालास ना, लावून ठेव.

रुचिर : इथे! इथे लावून ठेव म्हटलं होतं, स्टिअरिंगला! अरे देवा!

सुलू : आमच्या माहेरी, वाईला, किल्ली लावून ठेव म्हणजे खुंटीला लावून ठेव.

गोपाळ : काय आरडाओरडा आहे?

रुचिर : काका, गेलं सगळं. साठ टक्क्यांवर चाबी निघाली. डबा म्हणतोय, गाडीच सापडत नाही.

गोपाळ : जुनं उतरवून घेतलं होतंस ना? ते परत लिही.

रुचिर : समोर घेणारं कोणी पाहिजे ना! आता कॉम्प्युटर खोलून इंदूरला न्यावा लागेल. तीन-चार दिवस तरी. तोवर सेल्फसुद्धा नाही मारणार. माझीच गलती. माझी मराठी ही अशी, अर्धी इकडची अर्धी तिकडची. सरळ हिंदीत सांगितलं असतं तर...

गोपाळ : काकू काय म्हणाली?

रुचिर : तिच्याकडे लावून ठेव म्हणजे खुंटीला.

गोपाळ : हं. म्हणतात. वाईला म्हणतात तसं.

रुचिर : पण अजून वेळ आहे काका. माझ्या दोस्ताची, प्रसादची, नवी गाडी उभीच आहे माधव नगरला. दहा मिनिटांत घेऊन येतो. उडत जाईल वर.

गोपाळ : सुलू, ऐकलंस? प्रसादची गाडी आणतो म्हणतोय.

सुलू : ऐकलं.

गोपाळ : आणू दे?

सुलू : मी काय बोलू. तुमचं तुम्ही बघा.

गोपाळ : वर बघून बोल ना.

सुलू : नाही बघत.

गोपाळ : ...राहू दे रुचिर.

रुचिर : राहू दे? का? दहा मिनिटांचं काम आहे!

गोपाळ : राहू दे म्हटलं ना. तू जा, गॅरेज उघड. आणि मनाला लावून घेऊ नकोस, तुझ्या मराठीत काही खोट नाही.

रुचिर : चौतीस वर्षं काका...

गोपाळ : जा बाळा.

सुलू : चहा तरी घेऊन जायचा होता त्याने.

गोपाळ : गेला तो. आता मला सांग. अडतीस वर्षं झाली तुला उज्जैनात. भाजीवाल्याशी भांडतेस ती हिंदीत, झोपेत बडबडतेस तीही हिंदीत. 'चाबी लावून ठेव' तुला कळलं नाही?

सुलू : कळलं.

गोपाळ : मग?

सुलू : मंगळवारी मी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. एकटी.

गोपाळ : काय म्हणाल्या?

सुलू : तुम्हाला म्हणाल्या तेच. घाट नको, दोन तास उभं राहणं नको, वरच्या पट्टीत गाणं तर मुळीच नको. म्हणाल्या, मी बुवांना तीनदा सांगितलं, त्यांनी घरी नाही सांगितलं का?

गोपाळ : तू घाबरली असतीस.

सुलू : खोटं बोलून दत्तापुढे उभे राहणार होतात.

गोपाळ : आणि तू खोटं बोलून मला खालीच ठेवलंस.

सुलू : हो. किल्ली फिरवून काढली मी. खुंटीला लावली आणि परत सीटवर येऊन बसले.

गोपाळ : मला सरळ अडवायचं होतंस.

सुलू : अडवलं नाही? महिनाभर अडवत्येय. तुम्ही ऐकता कुठे? झांजा कानाशी असल्यासारखे वागता.

गोपाळ : पुढच्या साली...

सुलू : पुढच्या सालचं नका काढू. तुम्हालाही ठाऊक आहे.

गोपाळ : ठाऊक आहे म्हणूनच तर जायचं होतं ग. पाळणा म्हणता म्हणता तिथेच संपलो असतो, तर बरंच झालं असतं.

सुलू : तुमचं झालं असतं.

गोपाळ : ...देवळातल्या लोकांना फोन करायला हवा. दुसरे बुवा बघा म्हणून.

सुलू : मी करू?

गोपाळ : नको. गाडी बिघडली म्हणून सांगतो. तेवढं तरी खरं आहे.

सुलू : सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या.

गोपाळ : कीर्तनाच्या दिवशी कीर्तन झाल्यावरच जेवतो ना मी.

सुलू : हो, पण आज...

गोपाळ : हो. आज वाढ.